कमलचा पाय आणि माझी पाठ

हा मजकूर मी उभ्यानं लिहिला आहे. आमच्या घरात ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, तिचं झाकण माझ्या छातीच्या जरा खाली येतं. झाकणावर पाट, पाटावर कागद. बसून लिहायला गेलो तर पहिलं पान संपायच्या आत कंबर आवळायला लागते आणि मग शब्द सुचत नाहीत, शिव्या सुचतात. संपादकांनी दुष्काळातल्या पाण्याबद्दल लिहा म्हणून सांगितलं होतं. उभ्या नोकरीत मी हापसे दुरुस्त केले, तेव्हा त्यांचं सांगणं बरोबरच आहे. पण मला पाणी जेवढं कळलं ते पाठीतून कळलं. म्हणून पाठीपासूनच सुरू करतो.

ज्यांनी हापसा फक्त मारला आहे त्यांना तो वरून दिसतो तेवढाच वाटतो. दांडा आणि तोंड. खरा हापसा जमिनीखाली असतो. लोखंडी पाईप एकाला एक जोडत खोल सोडलेले, त्यांच्या आतून सळया, आणि तळाला पितळेचं सिलिंडर. सिलिंडरमध्ये चामड्याचा वायसर असतो, पाणीपुरीच्या पुरीएवढा. तो झिजला की दांडा कितीही मारा, पाणी येत नाही. आणि तेवढ्या पुरीसाठी सगळेच्या सगळे पाईप वर काढावे लागतात. तिघांनी पाईप कवेत धरून उचलायचा, चौथ्यानं खाली क्लॅम्प आवळायचा, वरचा पाईप फिरवून सोडवायचा, पुन्हा उचलायचं. पाईप रिकामा आला तर ठीक. तळाची झडप घट्ट बसलेली असली तर पाणी आतच राहतं आणि लोखंडाबरोबर तेही उचलावं लागतं. झडप अडकली आहे हे पहिल्या हिसक्याला कळतं. हाताला नाही, माकडहाडाला.

माझी पाठ पहिल्यांदा गेली ती हदगाव तालुक्यात. पाईप निम्मे वर आले होते आणि क्लॅम्प सटकला. अशा वेळी हात सोडून बाजूला व्हायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. माझा जोडीदार गफूरभाई माझ्यापेक्षा वयानं मोठा, तो ओरडला, "छोड, नारायण." मी सोडला नाही. पाईप आत पडले तर ते गळ टाकून काढायला आठवडा जातो, कधी निघतही नाहीत, आणि हापशाभोवती बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हात सोडायची मला लाज वाटली. कंबरेत ओली काठी मोडल्यासारखा आवाज झाला. पाईप मात्र वाचले. त्या गावानं मला नारळ दिला, आणि मी तो घेतला, वाकडा उभा राहून.

दुसऱ्यांदा मुदखेडच्या रेल्वे फाटकाजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाईपांसकट खाली आलो. ह्यात शौर्य काही नव्हतं. पाईपांवर बसून डुलकी लागली होती.

त्या दोन पडण्यांनी माझा पुढचा सगळा जन्म आखून दिला. आमच्याकडं ह्या दुखण्याला उसण म्हणतात. ती काही रोज नसते. महिना महिना माणूस सरळ चालतो, पोतं उचलतो, लग्नात पंगत वाढतो. मग एका सकाळी चप्पल घालायला वाकतो आणि तिथंच राहतो. अशा माणसाला शिंकसुद्धा ठरवून द्यावी लागते. शिंक येणार असं वाटलं की मी आधी भिंत शोधतो. एसटीत मी मागच्या बाकावर कधी बसलो नाही, उभा राहीन पण मागं बसणार नाही. पँट पडून घालायची. आणि ह्या दुखण्याला दाखवायला काही नसतं. हात मोडला तर गळ्यात झोळी दिसते. पाठ गेलेला माणूस धडधाकट दिसतो आणि कामचुकार ठरतो. म्हणून मी साहेबांना कधी ताप सांगितला, कधी जुलाब. घरात मात्र लपवलं नाही. घरात मी दुखण्याचा पुरेपूर मोबदला वसूल केला. आवाज नको, पोरांनी पळायचं नाही, भाकरी गरम हवी, चहा पडल्या जागी हवा. दुखणं माझं होतं, पण घरातली सगळी जागा त्यानं व्यापली. हे मला फार उशिरा दिसलं.

कमल माझी बायको. माहेर उदगीरकडचं. लग्न होऊन नांदेडला आल्यावर थोड्या दिवसांनी तिनं मला एक गोष्ट सांगितली आणि वर म्हणाली, "कुणाला सांगू नका."

ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आलेले. आमच्या भागात पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते असं मानतात. तिच्या वडिलांच्या दारात सकाळी सकाळी माणसं येऊन पालथी पडायची. तिला झोपेतून उठवून उभं करायचे. ती लहान, तिचा पाय केवढा, आणि समोर पाठ कुणा मामाची, कुणा पाटलाची. मोठ्या माणसाला पाय लावणं पाप, म्हणून पाय लावून झाला की लगेच त्याच्या पाया पडायला लावायचे. आधी लाथ, मग नमस्कार. शाळेत पोरी तिला लाथाळी म्हणायच्या. ढगांत वीज चमकली की आई तिला घरात कोंडायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. आणि पायाळूला जमिनीखालचं पाणीही कळतं म्हणतात, म्हणून विहीर काढणारे तिला शेतं फिरवायला मागायचे. वडिलांनी तेवढ्याला मात्र नाही म्हटलं.

"नांदेडला कुणाला ठावं न्हाई," ती म्हणाली होती, "म्हणून मला हितं बरं वाटतं."

पुढं माझी पाठ अशी धरली की मला कुशीवर वळता येईना. तिनं बराच वेळ बघितलं. मग दार लोटलं, भिंतीचा आधार घेतला आणि उजव्या पायाचा तळवा माझ्या कंबरेवर ठेवला. हळू दाबला, उचलला, पुन्हा ठेवला. थंडगार पाय. मला बरं वाटलं. संध्याकाळी मी चालत नळावर गेलो.

आणि दुसऱ्या दिवशी मी ते गफूरभाईला सांगितलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हापशावर आम्ही पाईप उचलायला वाकलो आणि कुणी म्हणालं, "मिस्तरी, कंबर सांभाळा," की मी म्हणायचो, "मला काय भ्या? आमच्या घरातच पायाळू हाय." लोक हसायचे, चौकशी करायचे. पाठ गेलेल्या माणसाला मिरवायला फार थोडं असतं. मी बायकोचा पाय मिरवला.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती. सासुरवाडी जवळ पडेल म्हणून मी जायला तयार झालो, गफूरभाईही आला. ऑफिस भाड्याच्या घरात होतं. आमच्या जीपवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगानं खोडलेलं, पण ऊन पडलं की खालची अक्षरं वाचता यायची. खुर्च्या कमी, नट आवळायचे पाने कमी, आणि त्यातच पाऊस ओळीनं गेला. नवा जिल्हा आणि दुष्काळ एकदमच आल्यासारखे झाले. लोक म्हणायचे, जिल्हा दिला, पाणी जुन्याकडंच ऱ्हायलं वाटतं.

त्या दिवसांत तक्रार आली की निघायचं. पाणी खाली गेलं होतं, म्हणून नुसता वायसर बदलून भागत नसे, पाईप वाढवून सिलिंडर आणखी खाली सोडावं लागे. वजन वाढत गेलं आणि माझी पाठ दर पंधरवड्याला धरायला लागली. प्रत्येक वेळी कमल दार लोटून पाय ठेवायची. तिनं कधी कुरकुर केली नाही. मीही कधी विचारलं नाही.

उदगीरच्या अलीकडं एक गाव होतं. तिथून तक्रार आली, हापसा बंद. गेलो तर हापशाला दांडाच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, दांडा शिवलिंगआप्पांच्या किराणा दुकानात आहे. आप्पा कपाळाला विभूती लावलेले, अंगानं बारीक, बोलणं तोलून.

"चोरला न्हाई, काढून ठिवला," आप्पा म्हणाले. "दिवसभर मारलं की बुडाचं पाणी गढूळ येतं, अन् बाया येकमेकीच्या झिंज्या उपटत्यात. सकाळी लावतो, दिवस बुडताना लावतो. मधी तेवढंच पाणी साठतं बघा."

"मग तक्रार कुणी केली?"

"मीच. हापसा बंद हाय म्हणल्याबिगर तुमी येताव का?"

गफूरभाई हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसला. आम्ही पाईप काढून वाढवायचं ठरवलं. झडप अडकलेली होती. तिसऱ्या की चौथ्या पाईपाला माझी पाठ गेली आणि मी तिथंच हातापायांवर आलो. काम गावातल्या पोरांना हाताशी धरून गफूरभाईनं पुरं केलं. मला मात्र जीपमध्ये बसवेना. आप्पांनी मला घरात नेऊन बाजेवर पाडलं आणि मी काही दिवस त्यांच्याकडंच राहिलो. त्यांच्या सुनेनं विटकर तापवून फडक्यात गुंडाळून दिली, ज्वारीची आंबील पाजली. ज्या घरात अंघोळीचं पाणी मोजून होतं त्या घरात माझ्यासाठी कढत पाण्याची पिशवी भरली जायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, ते दुखण्यानं का ह्यानं, सांगता येत नाही.

त्याच दिवसांत गावाला नवा बोअर मंजूर झाला. एकच. पाण्याची पाहणी करणाऱ्या माणसानं शाळेमागं चुन्याची फुली मारून दिली होती. गावाचा त्या फुलीवर विश्वास नव्हता. शेजारच्या गावात अशाच फुलीतून धूळ निघाली होती.

आप्पा माझ्या बाजेजवळ येऊन बसले. "मिस्तरी, तुमच्या मालकीणबाई पायाळू हाईत म्हणं."

मी विटकर कंबरेखाली सरकवली.

"तुमीच सांगिटलाव हापशावर. त्येंच्या पायानं तुमची पाठ उतरती म्हणून."

"आप्पा, ते पाठीचं वेगळं. पाण्याचं वेगळं."

"का हो? पाय येकच हाय की."

मला बोअरचं काम माहीत होतं. खालच्या खडकाला भेग असली तर पाणी, नसली तर धूळ. वर कोण उभं आहे ह्याच्याशी खडकाला काही देणंघेणं नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरीही पाठीचं मी खरं मानत होतो. पाण्याचं खोटं म्हटलं असतं तर पाठीचंही खोटं ठरलं असतं आणि मी गावोगाव मिरवलेलं सगळं खोटं ठरलं असतं. शिवाय अंगाखाली त्यांची बाज होती.

"विचारतो तिला," मी म्हणालो.

"इचारायचं काय त्यात? घरधनी तुमी."

"आणतो," मी म्हणालो.

घरी परतल्यावर कमलला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुमी हो म्हणलाव?"

"म्हणालो. त्यांचे लई उपकार झालेत."

"अन् पाणी न्हाई लागलं तर?"

"सरकारी बोअर कोरडे जातातच की."

"सरकारला नावं ठिवत्यात अन् इसरत्यात," ती म्हणाली. "मला नावं ठिवतील ते इसरणार न्हाईत." भाकरी तव्यावर टाकून तिनं वर बघितलं. "माझ्या बापानं ह्येला न्हाई म्हणलं हुतं."

ती आली. गावातल्या बायांनी वेशीवर तिचे पाय धुतले. घागरभर पाणी त्या धुण्यात गेलं, आणि ती बघतच राहिली. पायांना हळदकुंकू लावलं. चपला वेशीतच ठेवायला लावल्या. बोअरची गाडी आधीच येऊन उभी होती, तिला दुपारनंतर पुढच्या गावाला जायचं होतं. मग कमल पुढं आणि गाव मागं अशी शेतातून फिरणं सुरू झालं. दिवस उन्हाळ्याचे. काळी जमीन भेगाळलेली, ढेकळं तापून दगडासारखी झालेली. मी कंबरेला हात लावून बांधावर उभा होतो. मला तिचं चालणं दिसत होतं. ती पाऊल पुरं टेकवत नव्हती, कडेवर टेकवत होती.

एका बाभळीखाली ती थांबली. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला.

आप्पांनी तिथंच नारळ फोडला. कुणीतरी खूण म्हणून खुंटी ठोकली. कमलनं माझ्याकडं बघितलं. ती सावलीसाठी थांबली होती हे तिथं मला एकट्याला कळलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, "आप्पा, जरा थांबा." मी वाट बघत राहिलो, ती काही बोलेल म्हणून. आणि ती माझी वाट बघत होती.

बोअरची गाडी खुंटीवर लागली. आधी काळी माती उडाली, मग मुरूम, मग खडकाची राखी धूळ. धुळीचा रंग बदलला की लोक पुढं सरकायचे. पाणी लागतं तेव्हा धूळ आधी ओलसर होते, तिचे गोळे पडतात. गोळे पडले नाहीत. मंजुरीएवढी खोली झाली आणि गाडीवाल्यानं यंत्र बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की बाभळीवरचे पक्षी ऐकू आले. शाळेमागची चुन्याची फुली तशीच राहिली. तिथं पाणी असतं का, कुणालाच कधी कळलं नाही.

कुणी वाईट बोललं नाही. आप्पांच्या सुनेनं आधी आणून ठेवलेलं लुगडं तरीसुद्धा कमलच्या हातात दिलं. तेवढ्यात रिकामी घागर काखेला घेतलेली एक तरुण बाई पुढं आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बाई, तुमी तितंच का थांबलाव?"

"पाय भाजत हुते," कमल म्हणाली. "सावली हुती म्हणून थांबले."

सगळ्यांनी ऐकलं. आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ. मग ते गाडीवाल्याला चहा सांगायला गेले.

परतताना जीपमध्ये तिनं पाय पोटाशी घेतले होते. तळव्यांना फोड आले होते. गफूरभाई गाडी चालवता चालवता म्हणाला, "भाभी खरं बोलल्या. तू तिथं काय करून राहिला होतास, नारायण?"

मी म्हणालो, "पाठ दुखत होती."

"हाव," तो म्हणाला. "तुझी पाठ लई सोयीची हाय."

त्यानंतर कमलनं माझ्या पाठीला पाय लावला नाही. भांडण झालं नाही, शपथ घातली नाही. माझं सगळं ती करत राहिली. तेल चोळलं, पट्टा आवळला, पँट चढवली, मला धरून मोरीपर्यंत नेलं. फक्त पाय नाही. पाठ धरली की मी पालथा पडून दाराकडं बघायचो. ती दार लोटायची नाही. मी मागितलं नाही, कारण मागायला तोंड नव्हतं.

आता प्रामाणिकपणे सांगतो, दुखणं त्यानं वाढलं नाही. ते पूर्वीसारखंच येत राहिलं आणि पूर्वीसारखंच जायचं तेव्हा गेलं. पुढं नांदेडला डॉक्टरांनी फोटो काढून मणक्यांतली फट दाखवली, जुने मार आहेत म्हणाले, व्यायाम सांगितला. तो मी करतो. मला हलकं काम मिळालं, सामानाच्या खोलीत वायसर आणि बोल्ट मोजून द्यायचं. तिथं बसून कंटाळा आला की मला बाभळीखालची ती एका पायावर उभी राहिलेली बाई दिसायची. चुकलेली कामं पुष्कळ झाली हातून. आत पडलेले पाईप, उलटे बसवलेले वायसर. ती आठवून मी हसतो. हे आठवून हसू येत नाही.

गेल्या महिन्यात समोरच्या घरातला संतोष आमच्या फाटकाला धरून उभा होता. स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. अंग एका बाजूला कललेलं. बघूनच मला कळलं.

"काका, उसण भरली. काकू पायाळू हाईत म्हणं?"

मला वाटलं, देवानं संधी दिली. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "कुणी सांगितलं तुला? तसलं काही नाही. डॉक्टरकडं जा." म्हणताना मला आत बरं वाटत होतं. जे आप्पांना म्हणायचं होतं ते अखेर म्हटलं.

कमल पदराला हात पुसत बाहेर आली.

"तवा हो बी तुमीच म्हणलाव," ती मला म्हणाली, "अन् आता न्हाई बी तुमीच म्हणायलाव. मधी मी कुठं हाय?"

संतोषला काही कळलं नाही. तो दोघांकडं बघत राहिला.

"उचलताना भरली का वाकताना?" तिनं त्याला विचारलं.

"वाकताना, काकू. प्लग काढत होतो."

"हे बघ बाबा. पायानं पाठ बरी होत न्हाई. आपसूकच होती. पायानं बरं वाटतं, तेवढंच. तेवढं पाहिजे असलं तर लावते."

"लावा की," तो म्हणाला.

तो ओसरीवर पालथा पडला. तिनं भिंतीला हात टेकला आणि पाय ठेवला. हळू दाबला, उचलला, पुन्हा ठेवला. झाल्यावर तो उठून तिच्या पाया पडायला लागला तर म्हणाली, "वाकू नको, पुन्हा धरंल." तो हसत, भिंतीला धरत गेला.

माझी पाठ त्या आठवड्यात धरलेलीच होती. ती आत वळली तेव्हा मी हाक मारली. "कमल, माझ्या पाठीला लावशील का?"

ती उंबऱ्यात थांबली. "सांगायलाव का इचारायलाव?"

"विचारतोय."

"मग न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी शेकायला तवा ठेवायला आत गेली.